मुलूख कोणाचा?

साताऱ्याहून सांगलीस जाणाऱ्या प्रवाशाला आज दोन जिल्ह्यांची सलग भूमी दिसते. परंतु १९४८ पूर्वीचा नकाशा ज्याने कधी उलगडून पाहिला असेल त्याला ठाऊक असते की, ह्याच प्रदेशात इंग्रजी मुलूख आणि औंध, फलटण, जत, मिरज, सांगली अशा कितीतरी दरबारांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या होत्या, आणि शिवेला शीव लागून असलेल्या दोन गावांचा महसूल दोन निरनिराळ्या दफ्तरांत जमा होत असे. ह्या सर्वांत औंधचा मुलूख विशेष विखुरलेला. परशुराम त्रिंबक पंतप्रतिनिधींच्या वंशजांकडे राहिलेली ही ७२ गावे औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा चार तालुक्यांत वाटलेली होती. औंध खटावच्या माळावर, आटपाडी माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात, कुंडल कृष्णेच्या बाजूच्या काळ्या रानात आणि गुणदाळ तर थेट कर्नाटकात. संस्थान लहान, पाऊस बेताचा आणि उत्पन्नही बेताचे. तरीही ह्या लहानशा संस्थानाच्या इतिहासात दोन ज्यू गृहस्थ सुमारे तीन दशकांच्या अंतराने येऊन गेले, ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांच्याही स्मरणातून आता पुसट होत चालली आहे.

त्यांपैकी पहिले जेकब बापूजी इस्राएल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ते औंधचे कारभारी होते. म्हणजे ज्या दरबाराचे कुलदैवत यमाई, ज्याच्या गादीवर देशस्थ ब्राह्मण राजा, त्या दरबाराच्या मुलकी व्यवस्थेची मुखत्यारी एका बेने इस्राएल अंमलदाराच्या हाती होती. दुसरे मॉरिस फ्रिडमन. वॉर्सॉच्या गरीब ज्यू वस्तीत वाढलेले, विद्युत-अभियांत्रिकीत निष्णात झालेले आणि पुढे भारतानंद हे नाव धारण करून भगव्या वस्त्रांत वावरणारे. एक ह्या मातीतलाच, मराठीतच जन्मलेला आणि मराठीतच प्रार्थनेचा अर्थ समजून घेणारा. दुसरा सातासमुद्रांपलीकडून आलेला. पॅलेस्टिनी जनतेवरील अन्यायाविरुद्ध उभे राहणारे ज्यू आज जगाच्या नजरेस पडतात तेव्हा आपल्याकडील पुष्कळ वाचकांस त्यात काही नवलाचे, किंबहुना स्वधर्मद्रोहाचे दर्शन होते. मला वाटते, ही समजूत इतिहासाच्या अपरिचयातून आलेली आहे. ज्यू सदसद्विवेकाचा हा प्रवाह, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या झायोनवादाइतकाच जुना आहे. धर्मसंस्थांनी त्याला कधी आश्रय दिला, पुष्कळदा दूर लोटले. आणि त्याच्या इतिहासातील काही प्रकरणे मराठी मुलखाशी इतकी निगडित आहेत की, ती सांगण्यासाठी औंधहून निघणेच सोयीचे.

जेकब बापूजी ज्या समाजात जन्मले तो बेने इस्राएल समाज कोकणात कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके वसलेला होता. नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या स्त्रीपुरुषांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. तेलाचे घाणे चालवावेत, शनिवारी घाणा बंद ठेवावा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हणावे. आणि दिवे गावचा तो दिवेकर, किहीमचा तो किहीमकर अशी त्यांची आडनावे पडावीत, इतका हा समाज इथल्या वहिवाटीत मिसळून गेला होता. पुढे कंपनी सरकारच्या पलटणींत शिरून, सुभेदारी मिळवून, मुंबई-पुण्यास त्यांनी वस्ती केली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्या लष्करी अंमलदाराने १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले, ज्याला हे लोक आपल्या बोलण्यात जुनी मशीदच म्हणत. त्यांच्यातील शालोम बापूजी इस्राएल वारघरकर ह्यांनी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या संस्थानात कारभारीपद सांभाळले. ब्राह्मण राजाचा कारभारी ज्यू आणि मुसलमान नवाबाचा कारभारीही ज्यू, असे चित्र ज्या प्रदेशात सहज उभे राहते, त्या प्रदेशातील ज्यूंना सर्व शेजाऱ्यांपासून वेगळे होऊन स्वतंत्र राज्य मागण्याची निकड भासू नये, हे स्वाभाविक होते. युरोपातील ज्यूंच्या नशिबी जे छळ आले ते इथे कधी आले नाहीत, हा त्यांच्या भाग्याचा भाग होय आणि तो ध्यानी घेतल्यावाचून पुढील घटनेचा अर्थ लागत नाही.

१८९७ साली थिओडोर हर्झल ह्यांनी पहिली झायोनवादी परिषद भरविली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांसही आले होते. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. सियोनला परत जाणे हे ईश्वराच्या हाताने घडावयाचे आहे आणि आम्ही त्याचीच प्रतीक्षा करीत आहो, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हे उत्तर केवळ कोकणी भाबडेपणाचे नव्हते. त्याच वर्षी जर्मनीतील रब्बींनी परिषदेला जाहीर विरोध केला होता आणि म्यूनिकच्या ज्यू समाजाने आपल्या नगरात ती भरू देण्यास नकार दिल्यामुळेच ती स्वित्झर्लंडमधील बाझल येथे न्यावी लागली. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी तर त्याआधीच, १८८५ च्या पिट्सबर्ग येथील जाहीरनाम्यात, आम्ही आता राष्ट्र नसून धर्मसमाज आहो आणि पॅलेस्टाईनला परतण्याची आमची अपेक्षा नाही, असे ठरावरूपाने नमूद करून ठेविले होते. म्हणजे झायोनवादाच्या जन्मकाळी धर्मसंस्थांचा मोठा भाग, रूढिनिष्ठ आणि सुधारक अशा दोन्ही बाजूंनी, निरनिराळ्या कारणांसाठी का होईना, त्याच्या विरोधात उभा होता. संस्था आणि सत्ता ह्यांची हातमिळवणी पुढे झाली; ती आरंभापासून नव्हती.

परंतु ह्या विरोधात एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच असे, आणि ती म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये राहणारी माणसे. धर्मशास्त्राचा प्रश्न, नागरिकत्वाचा प्रश्न, मसीहाच्या आगमनाचा प्रश्न, ह्यांची चर्चा झाली. नांगरावर हात ठेवून उभ्या असलेल्या अरब शेतकऱ्याचा प्रश्न उपस्थित करण्याचे श्रेय मात्र झायोनवादी वर्तुळातीलच काही प्रामाणिक माणसांकडे जाते. आहद हाआम ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या विचारवंताने १८९१ साली पॅलेस्टाईनचा प्रवास करून येताच लिहिले की, ही भूमी ओसाड पडलेली आहे ही समजूत खोटी आहे आणि आपले वसाहतवाले अरबांशी जे उद्दामपणाने वागतात ते लाजिरवाणे आहे. इत्झाक एपस्टाईन ह्या शिक्षकाने १९०५ साली बाझल येथील भाषणात आणखी स्पष्टपणे विचारले की, दूरस्थ जमीनदाराकडून आपण खरेदीखत करून घेतो खरे, पण जी कुळे पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन कसत आली त्यांचे काय? महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. सनद एकाच्या नावाची आणि वहिवाट दुसऱ्याची, ह्या विसंगतीवर आपल्याकडे किती पिढ्या दिवाणी न्यायालयांच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या आणि कूळकायद्यासाठी किती काळ झगडावे लागले, हे सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

आता १९१७ सालाकडे वळू. ह्या वर्षी इंग्रज मंत्रिमंडळात हिंदुस्थानचे राज्यसचिव म्हणून एडविन मॉन्टेग्यू ह्यांची नेमणूक झाली; ते धर्माने ज्यू होते. २० ऑगस्टला त्यांनी पार्लमेंटात ती प्रसिद्ध घोषणा केली की, हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणणे हे सरकारचे धोरण आहे. आणि त्यानंतर तीनच दिवसांनी, २३ ऑगस्टला, त्यांनी आपल्याच सरकारपुढे एक कडक निवेदन ठेवले, ज्यात पॅलेस्टाईनला ज्यूंचे राष्ट्रीय गृह बनविण्याच्या योजनेस त्यांनी विरोध केला. त्यांच्या मते ह्या योजनेने पॅलेस्टाईनमधील मुसलमान व ख्रिस्ती रहिवासी आपल्याच देशात परके ठरतील आणि जगभरचे ज्यूही आपापल्या देशांत परके ठरतील. मंत्रिमंडळात त्यांचे काही चालले नाही. २ नोव्हेंबरला ह्याच योजनेस पाठिंबा देणारी बाल्फोर घोषणा झाली तेव्हा मॉन्टेग्यू हिंदुस्थानच्या वाटेवर होते. त्याच महिन्यात ते मुंबईस उतरले आणि दिल्लीस त्यांनी लोकमान्य टिळकांसह इथल्या पुढाऱ्यांच्या गाठी घेतल्या. हिंदुस्थानच्या लोकांना त्यांच्या मुलखाचा कारभार हळूहळू सोपवावा, असे म्हणणारा आणि पॅलेस्टाईनच्या लोकांच्या डोक्यावर परक्याची मालकी लादू नये, असे म्हणणारा मनुष्य एकच होता आणि त्याने ह्या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात सांगितल्या, हे आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत कधीतरी लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

त्या घोषणेतून पुढे आलेल्या मॉन्टेग्यूंच्या सुधारणा संस्थानांस लागू नव्हत्या. संस्थानातील रयतेला कायद्याने कोणताच आवाज नव्हता. राजा चांगला तर राज्य चांगले, एवढीच तिची हमी. १९०९ साली औंधच्या गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे रयतेच्या सुदैवाने चांगले राजे होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार, चित्रकला, कीर्तन, शिक्षण ह्यांचा त्यांना ध्यास. किर्लोस्करांना कुंडलच्या माळावर जागा देऊन किर्लोस्करवाडी वसविण्यास त्यांनीच साहाय्य केले आणि पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळास औंधात आश्रय दिला. पण चांगल्या राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली रयत ही अखेर मर्जीवरच अवलंबून असते, हा विचार त्यांच्या घरात आणला तो त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि त्यांचे मित्र मॉरिस फ्रिडमन ह्यांनी.

फ्रिडमन १९३० च्या दशकाच्या मध्यास म्हैसूर सरकारच्या बंगळूर येथील विजेच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून आले होते. रमण महर्षींच्या सहवासात त्यांची वृत्ती पालटली, गांधीजींशी स्नेह जुळला, आणि यंत्रशास्त्राचे सगळे ज्ञान घेऊन हा मनुष्य चरख्याच्या सुधारणेत रमला. धनुष तकलीच्या घडणीत त्यांचा हात होता. आप्पासाहेबांच्या आग्रहाने ते औंधास आले. खेड्यापाड्यांतून हिंडावे, लोकांत बसावे, आणि राजापुढे निर्भीडपणे सांगावे की अधिकार सोडणे हाच अधिकाराचा सर्वोत्तम उपयोग होय, असा त्यांचा क्रम होता. १९३८ च्या अखेरीस भवानरावांनी रयतेला पूर्ण स्वराज्य देण्याचे जाहीर केले. मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने सिद्ध झाला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. गावाने प्रौढ मताने पाच जणांची पंचायत निवडावी, तीतून तालुका पंचायत उभी राहावी, तीतून संस्थानचे विधिमंडळ; साध्या तंट्यांचा निवाडा गावातच व्हावा; आणि राजाने विश्वस्त म्हणून राहावे. फ्रिडमन त्या घटनेच्या शिल्पकारांपैकी एक. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या काळी प्रौढ मताधिकार नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे खटाव, आटपाडी आणि कुंडलच्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या शेतकऱ्यांच्या हाती काय आले होते ह्याची कल्पना येते.

आणि हा प्रयोग केवळ सभागृहापुरता राहिला नाही. आटपाडीजवळच्या उजाड रानात स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत उभी राहिली, जिथे गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी भिंतीवाचून, बेड्यांवाचून, पुढे आपल्या बायकामुलांसह राहून शेती करू लागले. ह्या कल्पनेमागेही फ्रिडमन होते. माणदेशचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर, ज्यांचे शिक्षण औंधास झाले, त्यांनी पुढे ह्याच प्रयोगावरून कथा रचली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली तिचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट केला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्या संस्थानी मुलखात घडते तो हाच मुलूख. मी फ्रिडमन ह्यांचे नाव घेतो ते त्यांनी पॅलेस्टाईनविषयी काही भूमिका मांडली म्हणून नव्हे. ज्याच्या जातभाईंना युरोपात माणूस म्हणून जगण्याचा हक्क नाकारला जात होता त्या मनुष्याने माणदेशातील खुन्याला आणि कुळालाही तो हक्क आहे असे मानून आयुष्याची वर्षे खर्ची घातली, म्हणून घेतो. पोलंडमधील सुमारे तीस लाख ज्यू पुढील सहा वर्षांत मारले गेले, हे सांगितल्यावाचून त्या वर्षांचा हिशेब पुरा होत नाही.

औंधच्या घटनेविषयी गांधीजींशी मसलत चालू होती त्याच सुमारास, २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये, गांधीजींचा ज्यूंविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. जर्मनीत ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनामंदिरे पेटवली गेली होती. तिकडची वार्ता ताजी होती. आपली सहानुभूती सर्वस्वी ज्यूंकडे आहे, ते ख्रिस्ती समाजातील अस्पृश्य ठरविले गेले आहेत, असे म्हणून गांधीजींनी पुढे लिहिले की, तरीही पॅलेस्टाईनवरील तेथल्या अरबांचा हक्क इंग्लंडवरील इंग्रजांच्या हक्काच्याच जातीचा आहे आणि ज्यूंना त्यांच्यावर लादणे हा अन्याय होईल. जर्मनीतील ज्यूंनी सत्याग्रह करावा असाही सल्ला त्यांनी दिला. ह्या लेखामागे त्यांचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे जिवलग मित्र हर्मन कालेनबाख ह्यांच्याशी झालेल्या चर्चा होत्या. टॉलस्टॉय फार्मची ११०० एकर जमीन सत्याग्रहासाठी देणारे हे ज्यू वास्तुशास्त्रज्ञ १९३७ साली झायोनवादाची बाजू मांडण्यासाठीच वर्ध्यास आले होते. गांधीजींनी ती ऐकून घेतली, मित्राच्या अंतःकरणाची कदर केली आणि आपले मत बदलले नाही.

ह्या लेखाला उत्तर म्हणून गांधीजींना यरुशलेमहून दोन पत्रे लिहिली गेली, दोन्ही फेब्रुवारी १९३९ मधली. एक तत्त्वज्ञ मार्टिन बूबर ह्यांचे, दुसरे रब्बी जूडा मॅग्नेस ह्यांचे. हे दोघे गांधीजींचे विरोधक नव्हते, चाहते होते, आणि म्हणूनच त्यांची व्यथा अधिक खोल होती. नाझी राजवटीपुढे सत्याग्रह म्हणजे साक्षीवाचूनचे हौतात्म्य, ज्याचा आवाज कोणाच्याही कानी पडत नाही, असे बूबर ह्यांनी कळवळून लिहिले. आणि मला वाटते की ह्या एका मुद्द्यावर बूबर बरोबर होते व गांधीजी चुकले. पण पॅलेस्टाईनविषयी लिहिताना ह्याच बूबर ह्यांनी अरबांचा हक्क अमान्य केला नाही. दोन हक्क एकमेकांसमोर उभे आहेत, दोहोंपैकी एकास नष्ट न करता मार्ग काढावयाचा आहे, असे ते म्हणाले. १९२५ साली स्थापन झालेल्या ब्रित शालोम ह्या मंडळापासून ते ही भूमिका मांडत आले होते, आणि १९४२ मध्ये मॅग्नेस व बूबर ह्यांनी इहूद नावाची संस्था काढून ती पुढे नेली. अरब आणि ज्यू ह्यांचे एकच राज्य असावे, कोणाची संख्या किती ह्यावर कोणाचा हक्क अवलंबून नसावा, असे त्यांचे मत होते. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या समितीत हिंदुस्थानचे प्रतिनिधी अब्दुर रहमान ह्यांनी इराण व युगोस्लाव्हियासह फाळणीऐवजी संघराज्याची जी अल्पमताची योजना मांडली, ती मॅग्नेस ह्यांच्या विचारापासून फार दूर नव्हती. २९ नोव्हेंबरला हिंदुस्थानने फाळणीविरुद्ध मत दिले. ठराव मात्र संमत झाला.

मॅग्नेस ह्यांच्यापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. ते स्वतः रब्बी, यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे संस्थापक प्रमुख, अमेरिकेतील ज्यू धर्मादाय कार्याचे एक आधारस्तंभ. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले तेव्हा ज्या साहाय्य-संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता तिला त्यांनी विनविले की ह्या निर्वासितांनाही मदत करावी. संस्थेने दाद दिली नाही. मॅग्नेस ह्यांनी तिच्या नेतृत्वपदावरून आपले नाव काढून घेतले, आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. स्वतःच्या लोकांवर नुकताच इतिहासातील सर्वांत भयंकर संहार ओढवलेला असताना शत्रूपक्षाच्या निर्वासितांची भाकरी मागणारा हा वृद्ध धर्मगुरू मला ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत थोर पुरुष वाटतो.

१९४८ साल सातारा-सांगलीकरांच्याही काळजात रुतलेले आहे. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारीत ह्या भागातील खेडोपाडी ब्राह्मणांची घरे जळाली, पिढीजात वाडे सोडून कुटुंबे रातोरात बाहेर पडली आणि त्यांतील कित्येक पुन्हा त्या गावी राहावयास गेली नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ ह्या कादंबरीस त्याच दिवसांची पार्श्वभूमी आहे. ८ मार्चला औंध संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि स्वराज्य-घटनाही त्याबरोबर संपली. ह्या दोन देशांतील घटनांची तुलना करण्याचा माझा उद्देश नाही, कारण इथे सरकारने कोणाची परतीची वाट रोखली नव्हती. तिथे नव्या राज्याने ती रोखली, आणि ११ डिसेंबरच्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने निर्वासितांचा परतण्याचा हक्क सांगूनही ती उघडली नाही. तथापि गाव सुटणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आजही हळू आवाजात बोलले जाते, त्यांनी पॅलेस्टिनी माणसाची कैफियत निराळ्या कानांनी ऐकावी, एवढी अपेक्षा मी करतो.

इस्राएल राज्य झाल्यावर कोकणातील, मुंबईतील, पुण्यातील बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे निघाले. १८९७ चे उत्तर आता मागे पडले होते. इंग्रजी अंमल गेला होता, नोकऱ्यांची खात्री उरली नव्हती, आणि धर्मभूमीची ओढ खोटी नव्हती. पण तिथे पोचलेल्यांपैकी काहींना कामावर आणि वस्तीत वर्णभेदाचा अनुभव आला. १९५१ च्या अखेरीस त्यांच्यातील एका गटाने, आम्हांस हिंदुस्थानात परत पाठवा, ह्या मागणीसाठी तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक जण खरोखरच परत आले. ह्याहून दुःखद प्रकरण पुढचे. तुम्ही अस्सल ज्यू आहात काय, तुमच्या पूर्वजांचे घटस्फोट व विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते काय, असा संशय काही रब्बींनी काढला आणि बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने अशा विवाहांस तात्त्विक मनाई नाही असे ठरविले खरे. परंतु फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी इत्झाक निस्सीम ह्यांच्या कारकिर्दीत जे निर्देश निघाले त्यांनुसार बेने इस्राएल वधूवरांच्या मातृकुळाची, जितक्या मागे जाता येईल तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, तपासणी करणे विवाह-निबंधकांवर बंधनकारक झाले.

ज्यांनी दोन हजार वर्षे घाणा फिरवूनही शनिवार पाळला, त्यांच्या आज्यापणज्यांची चौकशी! हे वाचताना मराठी मनाचा संताप होतो आणि तो व्हावयासच हवा. बेने इस्राएलांनी तो सोसला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेममध्ये ठिय्या दिला, मोर्चे काढले, सभा घेतल्या. ज्या मुंबईत त्यांच्या बापजाद्यांनी चळवळीचे दिवस पाहिले होते आणि ज्या समाजातील डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींच्या उपवासांत त्यांची प्रकृती पाहत असत, त्या समाजाला शांततेने बसून राहण्याचे शस्त्र नवे नव्हते. १७ ऑगस्टला इस्राएलच्या संसदेने खास बैठकीत जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि महिनाअखेरीस रब्बींच्या मंडळाला निर्देशांतून त्या समाजाचे नाव वगळावे लागले. हा लढा पॅलेस्टिनींसाठी नव्हता, ही गोष्ट मी लपवीत नाही. तो स्वतःच्या सन्मानासाठी होता. तरी त्याने एक गोष्ट उघडी केली. धर्मसंस्थेच्या हाती राज्यसत्तेचा शिक्का आला की, माणूस कोण आणि त्याचा हक्क कोणता हे ती दफ्तर पाहून ठरवू लागते, आणि मग अशा दफ्तरापुढे केवळ अरबच नव्हे, तर मराठी बोलणारा ज्यूही अर्जदार म्हणून उभा राहतो.

झायोनवादाविषयी धर्मसंस्थांचे मन दरम्यान पालटले होते. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १९३७ साली कोलंबस येथे आपला जुना पिट्सबर्गचा सिद्धांत सोडून पॅलेस्टाईनमधील उभारणी हे ज्यूंचे कर्तव्य मानले होते. त्याला न जुमानता काही रब्बींनी १९४२ साली अमेरिकन कौन्सिल फॉर ज्युडाइझम ही विरोधी संस्था काढली, तिचे एल्मर बर्जर ह्यांनी पुढे अनेक वर्षे नेतृत्व केले आणि स्वकीयांचा रोष पत्करला. १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा लष्करी अमलाखाली आले तेव्हा धर्मनिष्ठ, शब्बाथ काटेकोरपणे पाळणारे शास्त्रज्ञ येशायाहू लेइबोविट्झ ह्यांनी सांगितले की, दुसऱ्या लोकांवर राज्य करणे आपल्या राज्याचा व धर्माचा दोहोंचा नाश करील. राष्ट्रभूमीची पूजा ही मूर्तिपूजाच होय. ते शेवटपर्यंत हे सांगत राहिले, आणि १९९३ मध्ये त्यांना इस्राएल पारितोषिक जाहीर होताच एवढा गदारोळ उठला की त्यांनी ते घेण्याचे नाकारले.

१९८८ मध्ये, पॅलेस्टिनी उठावाच्या पहिल्या वर्षी, रब्बी डेव्हिड फोरमन ह्यांनी मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या रब्बींची संघटना स्थापन केली. तीत रूढिनिष्ठ आहेत, सुधारक आहेत, मधल्या पंथाचेही आहेत. दर वर्षी ऑलिव्हच्या सुगीत हे रब्बी व त्यांचे स्वयंसेवक वेस्ट बँकमधील शेतकऱ्यांच्या रानात जाऊन उभे राहतात, कारण वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांच्या भीतीने शेतकऱ्याला स्वतःच्या झाडापर्यंत पोचता येत नाही. झाडे तोडली गेली तर नवी रोपे लावतात, आणि पुष्कळदा मारही खातात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसांची हत्या केली व शेकडो ओलीस नेले, त्यानंतर गाझावर जो वर्षाव झाला त्यात पॅलेस्टिनी मृतांची संख्या हजारो-हजारोंनी वाढत गेली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या संसद-परिसरात शस्त्रसंधीच्या मागणीसाठी शेकडो ज्यू धरणे धरून बसले आणि अटक करवून घेतली. त्यांत रब्बीही होते. मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये २००८ साली ज्यू पाहुण्यांचे व त्यांच्या यजमान रब्बी दांपत्याचे रक्त सांडलेले ज्या शहराने पाहिले, त्या शहराच्या लोकांना ज्यूंची भीती किती खरी आहे हे सांगण्याची गरज नाही. आणि म्हणूनच ती भीती उरात असताना शेजाऱ्याच्या बाजूने बसणाऱ्यांचे मोल आपल्याला अधिक कळावयास हवे.

ह्या माणसांना हे बळ कोठून येते, असे विचारले तर ते आपल्या धर्मग्रंथाकडेच बोट दाखवितात. परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता, ही आज्ञा तोरा ह्या ग्रंथात वारंवार येते, आणि वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक ज्यू घरात त्या दास्याची कथा मोठ्याने वाचली जाते. ती कथा मराठीतही छापलेली आहे. बेने इस्राएलांसाठी हिब्रू मजकूर आणि त्याचे मराठी भाषांतर शेजारी शेजारी मांडलेली हग्गादा, म्हणजे ह्या कथेची पोथी, १८४६ साली मुंबईत शिळाछापावर निघाली, आणि १८७४ मध्ये आणखी एक सचित्र आवृत्ती पुण्यात निघाली.